एचआयव्ही : कॉलेजच्या मुलांना नाव माहीत, पण पुढचं काय?

दरवर्षी १ डिसेंबरला कॉलेजांमध्ये जागतिक एड्स दिन होतो. एनएसएसची मुलं लाल फीत लावून प्रभातफेरी काढतात, पोस्टर स्पर्धा होतात. त्यामुळे एचआयव्ही हा शब्द ऐकलाच नाही, असा विद्यार्थी सापडायचा नाही. माहितीचं मात्र तसं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे २२ टक्के महिला आणि ३१ टक्के पुरुषांनाच याची पुरेशी माहिती असल्याचं दिसलं. निरोधाने धोका कमी होतो, धडधाकट दिसणाऱ्यालाही लागण असू शकते, डासाने ती होत नाही, एवढंच त्यात विचारलेलं असतं.

लागण होते ती असुरक्षित शारीरिक संबंधातून, वापरलेल्या सुईतून, दूषित रक्तातून आणि बाधित आईकडून बाळाला. एका ताटात जेवल्याने, एका बाकावर बसल्याने, वसतिगृहाचं संडास-बाथरूम वापरल्याने होत नाही. व्याख्यानात निरोधाचा विषय आला की बरेच वक्ते घाईने पुढे सरकतात, अन् मुलांना नेमकं तेच विचारायचं असतं.

तपासणीला मुलं कचरतात ती वेगळ्याच धाकाने. गावातलं कुणी बघितलं तर? ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात ही तपासणी मोफत होते. समुपदेशक आधी बोलून घेतात, मग रक्त घेतात. पहिल्या चाचणीत दोष दिसला तरी तेवढ्यावर ठरवत नाहीत, वेगळ्या किटने खात्री करतात. निकाल गुप्त ठेवावा लागतो, संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. १८ वर्षांखालील असेल तर पालकांची संमती लागते, अकरावी-बारावीच्या मुलांची खरी अडचण इथे होते.

प्रसंग कालचाच असेल तर आजची चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा करायची. पण तोवर थांबून राहायचं नाही. ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे गेलं तर त्यांच्या सल्ल्याने २८ दिवसांच्या प्रतिबंधक गोळ्या सुरू करता येतात, जितक्या लवकर तितक्या बऱ्या.

लागण निघालीच तर एआरटीची औषधं सरकारी केंद्रातून मोफत मिळतात. ती रोज, आयुष्यभर घ्यायची. रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही आणि तसाच राहिला, तर शारीरिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. ही गोष्ट पोस्टरवर फारशी दिसत नाही.

वर्गात एखादा मुलगा किंवा मुलगी जन्मापासून बाधित असू शकते. तिला प्रवेश नाकारणं, वसतिगृहातून काढणं, तिची माहिती इतरांना सांगणं हे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याच्या विरोधात आहे. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. प्राचार्य असो की रेक्टर, कुणालाच त्यातून सूट नाही.

समोरासमोर विचारायला संकोच वाटत असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगताही बोलता येतं.