चांद्याचे जंगल आणि रंगांधळी नजर

चंद्रपूर (जुना चांदा) आणि गडचिरोली जिल्ह्यांतील पानगळीच्या जंगलात रंगांचा हंगाम शिशिर सरता सरता येतो. सागाची पाने झडतात, गवत वाळते आणि फाल्गुनाच्या सुमारास पळस, काटेसावर, पांगारा निष्पर्ण फांद्यांवर फुलतात. पाठोपाठ कुसुमाला लालभडक पालवी येते, मोहाला तांबूस. लाल-हिरव्या रंगांधळेपणाच्या माणसाला या सोहळ्यातले बरेच काही हुकते. फुले त्याला दिसतात, पण ती भोवतालातून उठून येत नाहीत. डोळ्यातील लाल प्रकाश टिपणाऱ्या शंकूपेशी निकामी असतील तर लाल रंग काळपट भासतो आणि पळसाची फुले आपल्याच काळसर मखमली देठांत बुडून जातात. हिरवा प्रकाश टिपणाऱ्या पेशींत दोष असेल तर लाल, तपकिरी आणि हिरवा यांच्या सीमा पुसट होतात.

हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून तो मुख्यतः पुरुषांत आढळतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण सुमारे ८ टक्के आणि स्त्रियांत जेमतेम अर्धा टक्का आहे. भारतातील बहुतेक पाहण्यांत पुरुषांचे प्रमाण यापेक्षा कमी निघते, तरी ते नगण्य नाही. इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी १७९४ मध्ये स्वतःच्या नजरेचे वर्णन केले, तेव्हापासून या दोषाचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. ठिपक्यांत दडलेले आकडे वाचायला लावणारी, आजही दवाखान्यांत वापरली जाणारी चाचणी जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबु इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. अनेकांना आपला दोष नोकरीच्या वैद्यकीय तपासणीतच पहिल्यांदा कळतो. तोवर जंगल असेच दिसते, अशी त्यांची समजूत असते.

चांद्याचे जंगल जाणण्याची जुनी रीत रंगावर उभी नव्हती. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोब्याच्या जंगलाचे नाव तारू या गोंड पुरुषाशी जोडले जाते. वाघाशी झालेल्या झुंजीत तो मरण पावला अशी कथा आहे. ताडोबा तलावाकाठी मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे आहे आणि पौषात तेथे आदिवासींची जत्रा भरत आली आहे. मोहर्लीकडून ताडोब्याला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला गोंडकालीन दगडी खांब उभे आहेत. त्यांवरून दोर नेऊन घंटांच्या नादाने चांद्याच्या राजधानीपर्यंत निरोप पोचवला जाई, असे सांगतात. शिकारीच्या काळात हाकारे आवाज करत जनावर पुढे रेटत आणि मचाणावरचा शिकारी पाचोळ्याची खसखस व गवताची हालचाल टिपत असे. रान आधी कानाने कळे, मग डोळ्याने.

ताडोब्यातील शिकार १९३५ मध्ये बंद झाली. १९५५ मध्ये सुमारे ११६ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ मध्ये शेजारचे अंधारी अभयारण्य घोषित झाले आणि १९९५ पासून दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प म्हणून ओळखले जाऊ लागले. दरम्यान १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला होता. तिकडच्या आलापल्लीजवळ ६ हेक्टरचा एक जंगलतुकडा १९५३ पासून कुऱ्हाडीविना राखला गेला. ‘आलापल्लीचे वनवैभव’ नावाने ओळखला जाणारा हा तुकडा २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ ठरला. तेथे पाहायचे असते ते जुन्या सागाच्या खोडांचा घेर, त्यांची उंची आणि मांडवासारखी झाकळलेली सावली. त्यांपैकी काहीही रंगांधळ्या माणसाला चुकत नाही.

ताडोब्यात मात्र पाहण्याचा अर्थ बदलत गेला. तलाव, मगरी, गवे आणि चितळांचे कळप हळूहळू दुय्यम झाले आणि सफारी म्हणजे वाघ असे समीकरण पक्के झाले. जाहिरातींनी हिरव्या पार्श्वभूमीवरचा नारिंगी वाघ लोकांच्या मनात ठसवला. हे चित्र तीन प्रकारच्या शंकूपेशी असलेल्या नजरेचे आहे. चितळ-सांबरांना दोनच प्रकारच्या शंकूपेशी असतात. त्यांना वाघाचा नारिंगी रंग आसपासच्या हिरव्यासारखाच भासतो. ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन प्रकारच्या शंकूपेशींच्या नजरेला वाघ शोधणे किती अवघड जाते हे दाखवून दिले. थोडक्यात, गाडीतील रंगांधळा प्रवासी वाघाकडे बऱ्याच अंशी चितळाच्या नजरेने पाहतो. इतर ‘तो बघा, तो बघा’ करत असतात आणि त्याच्यासमोर नुसते झुडूप असते.

याची दुसरी बाजूही आहे. रंगाच्या गोंधळात लपवलेला आकार रंगांधळ्यांना उलट लवकर सापडू शकतो, हे १९९२ मध्ये ब्रिटनमधील प्रयोगांत आढळले. रंग दिशाभूल करत नसल्याने त्यांची नजर पोत आणि रेषांवर राहते. भुताचे झाड म्हणून पर्यटकांना दाखवला जाणारा पांढऱ्या खोडाचा कुलू किंवा ताडोब्यात अधूनमधून दिसलेला काळा बिबट्या यांच्या बाबतीत तर कोणतीच नजर उणी पडत नाही.

वन्यजीव मोजण्याच्या पद्धतींनीही रंगावर कधी भिस्त ठेवली नाही. १९७२ च्या पहिल्या देशव्यापी व्याघ्रगणनेपासून कितीतरी वर्षे वाघ मोजला गेला तो पंजाच्या ठशांवरून. २००६ पासून गणनेत कॅमेरा ट्रॅप आले. रात्रीच्या अवरक्त प्रकाशातील चित्रे बहुधा कृष्णधवल असतात, तरीही वाघ नेमका ओळखता येतो, कारण ओळख पट्ट्यांच्या मांडणीत असते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाण बांधून प्राणी मोजण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. अलीकडे वनविभाग ‘निसर्गानुभव’ म्हणून त्यात सामान्य नागरिकांनाही सामील करून घेतो. चांदण्यात शंकूपेशींचे काम जवळजवळ थांबते. त्या रात्री मचाणावर बसलेले सगळेच रंगांधळे असतात आणि कोणाची त्याबद्दल तक्रार नसते.

जगात रंगांधळ्या पर्यटकांच्या प्रश्नाकडे उद्यानांचे लक्ष वेधले गेले ते पानगळीच्या रंगांमुळे. अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या पर्यटन विभागाने २०१७ मध्ये डोंगरांवरील काही प्रेक्षणस्थळी विशेष भिंगे बसवलेल्या दुर्बिणी उभारल्या. ही भिंगे लाल आणि हिरव्या यांच्यामधील काही लहरी गाळतात, त्यामुळे काही जणांना दोन रंगांतला भेद ठळक होतो. सगळ्यांना नाही. स्पेनमधील ग्रॅनडा विद्यापीठाच्या २०१८ च्या चाचणीत अशा भिंगांच्या चष्म्यांनी रंगदृष्टी सर्वसामान्य होत नाही, असा निष्कर्ष निघाला. चांद्याकडे हा उपाय ताडोबा तलावाचा काठ किंवा सिरोंच्याजवळचा प्राणहिता-गोदावरी संगम अशा मोजक्या स्थिर जागी शोभेल. धावत्या जिप्सीत, जिथून खाली उतरायला मनाई आहे, तिथे खांबावरची दुर्बीण काय कामाची?

भारतीय कायद्याने हा दोष अर्धवट ओळखला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत रंगांधळेपणा नाही, त्यामुळे सुगम्यतेच्या योजनांत तो सहसा येत नाही. मात्र जून २०२० मध्ये केंद्राने सौम्य व मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना वाहन परवाना खुला केला आणि एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटला रंगांधळ्या उमेदवारांना अभ्यासक्रमांतून वगळू नये असे बजावले. चित्रपटासारख्या दृश्यकलेची दारे उघडली असतील, तर जंगल दाखवण्याच्या कामात ही जाण यायला काही हरकत नसावी.

ताडोब्यात ते काम गाइड करतो आणि गाइड आसपासच्या गावांतलाच असतो. सांबराचा कॉल, वानराचा खाकरा, ताजा पगमार्क यांवरून वाघाचा माग काढण्याचे त्याचे ज्ञान रंगावर अवलंबून नाही. फक्त जनावर दाखवताना ‘ते पिवळं दिसतंय ना’ असे तोंडून निघते. त्याऐवजी ‘बांबूच्या बेटाच्या डावीकडे, आडव्या खोडाखाली, कान हलतोय’ असे सांगितले, तर रंगांधळ्या प्रवाशाला जनावर सापडण्याची शक्यता वाढते, आणि डोळे चांगले असलेल्यालाही. कोअर-बफरचे नकाशे आणि दिशाफलक लाल-हिरव्या भेदावर न सोडता त्यांवर रेघा, ठिपके व अक्षरे दिली की उरलेला बराच प्रश्न सुटतो. महागड्या भिंगांवर खर्च करण्याआधी वनविभागाने गाइडांच्या प्रशिक्षणात हा एक धडा घालावा.