अहमदाबादची घरे आणि ऊन

सुलतान अहमदशहाने १४११ साली साबरमतीच्या पूर्वतीरावर अहमदाबाद वसविले. शत्रूपासून रक्षण करण्यास शहराला कोट होता. वैशाखातील उन्हापासून रक्षण करण्याचे काम मात्र घरांनाच करावे लागे. कोटाच्या आत 'पोळ' नावाच्या वस्त्या वाढल्या. मराठीत पोळ म्हणजे मोकाट बैल. येथे पोळ म्हणजे एका दरवाजाच्या आत एकमेकांस बिलगून राहिलेली घरे. गल्ली अरुंद, म्हणून दिवसाचा बराच वेळ सावलीत. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागून. तेव्हा ऊन लागे ते मुख्यतः दर्शनी भागास व छपरास. मध्ये चौक. रात्रीची गार हवा त्यात उतरे, आणि दिवसा तापलेली हवा तेथूनच वर निघून जाई. चौकाखाली चुन्याचा गिलावा केलेले टाके असे. छपरावरचे पावसाचे पाणी त्यात साठवून ठेवीत आणि पुढे कित्येक महिने पिण्यास वापरीत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८१७ पर्यंत येथे पेशवे व गायकवाड यांचा अंमल होता. वाड्यांत वाढलेल्या मराठी माणसांना हा चौक परका वाटला नसावा.

पोळ निर्दोष होती असे नव्हे. मागल्या खोल्यांत अंधार असे, सांडपाण्याची व्यवस्था वाईट होती. रणछोडलाल छोटालाल यांनी १८६१ मध्ये शहरातील पहिली कापडगिरणी सुरू केली, आणि पुढे नगरपालिकेचे अध्यक्ष या नात्याने लोकांचा रोष पत्करून नळाचे पाणी व भुयारी गटारे यांचा आग्रह धरला. शहरावर त्यांचे हे उपकारच होत. परंतु नळ आला तशी टाकी विस्मृतीत गेली, आणि गिरण्यांच्या आसऱ्याने कोटाबाहेर उभ्या राहिलेल्या चाळींना ना चौक मिळाला ना सावलीची गल्ली. त्यांवर पुढे पत्रे आले. गिरणीमालकांच्या संघाने १९५४ मध्ये ल कॉर्ब्युझिए यांच्याकडून स्वतःसाठी वास्तू बांधून घेतली. तिच्या पश्चिमेला ऊन अडविणारे काँक्रीटचे तिरके पडदे आहेत. उन्हाचे भान नव्हते असे म्हणता येत नाही. ते कामगारांच्या छपरापर्यंत पोहोचले नाही, इतकेच.

मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला. मागच्या व पुढच्या वर्षांतील मे महिन्याशी तुलना करता त्या एका महिन्यात १,३४४ माणसे अधिक मेली. त्यानंतर २०१३ मध्ये महानगरपालिकेने उष्णतेपासून बचावाची योजना आखली. आगाऊ इशारे, पाणपोया, दवाखान्यांची तयारी असे उपाय तिच्यात होतेच. पुढे २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा लेप देण्यास आरंभ झाला. पांढरे छप्पर बरेचसे ऊन परतवून लावते आणि खालची खोली काही अंशांनी निवते. चुना स्वस्त आहे, आणि अहमदाबादच्या गवंड्यांना तो नवा नाही. मात्र तो पावसाळ्यात धुपतो, आणि पुढच्या चैत्रात छपरावर पुन्हा कोणाला तरी चढावे लागते.