गिअरबॉक्समधला देवमासा

परवा गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल बदललं. मेकॅनिकने खालचा पॅन उघडून काळ्या गाळाने माखलेला फिल्टर दाखवला. गाडी घेताना मात्र 'हे तेल कधीच बदलावं लागत नाही' असं सांगण्यात आलं होतं.

त्या निमित्ताने या लाल तेलाचा इतिहास चाळला. १९३९मध्ये जनरल मोटर्सने ओल्ड्समोबाइल गाड्यांसाठी 'हायड्रामॅटिक' गिअरबॉक्स आणला. १९४९मध्ये त्याच्या तेलाचं 'टाइप ए' हे मानक ठरलं. आतल्या क्लचच्या चकत्या घसरू नयेत आणि गिअर बदलताना झटकाही बसू नये, यासाठी या तेलात स्पर्म व्हेलचं, म्हणजे देवमाशाचं तेल मिसळत. १९७०मध्ये अमेरिकेने या देवमाशाला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातलं आणि पर्याय शोधणं भाग पडलं. तो सहज सापडला नाही. सुरुवातीच्या एका नव्या मिश्रणाने तर तेल थंड करणाऱ्या कूलरचे जोडच गंजू लागले.

डाव्या पायाला क्लच दाबावा लागू नये, एवढ्या सोयीमागे देवमासेही मारले जात होते, हे तेव्हा गाडी चालवणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल? मलाही परवापर्यंत नव्हतं. पॅन उघडल्याशिवाय आपण आत बघतच नाही.