कपालभेदानंतरचें पथ्य : भोजप्रबंध, सुश्रुत आणि धाराशिवकडील बाडें

डोक्याची कवटी उघडून केलेल्या शस्त्रकर्माचे उल्लेख आपल्या प्राचीन वाङ्मयांत विरळ आहेत. त्यानंतर रोग्यानें काय खावें याचे उल्लेख त्याहूनही विरळ. बल्लाळकृत भोजप्रबंधांत असा एक उल्लेख आहे. त्याची छाननी करावी, व तिच्या अनुषंगानें धाराशिव जिल्ह्यांतील वैद्यघराण्यांच्या बाडांकडे संग्राहकांचें लक्ष वेधावें, एवढाच या टिपणाचा हेतु आहे.

विनयपिटकांतील महावग्गांत जीवकानें राजगृहाच्या श्रेष्ठीचें डोकें उघडून दोन किडे काढल्याची कथा आहे. त्वचा कापणें, कवटीचा सांधा उघडणें, तो पुन्हां जुळवून त्वचा शिवणें, वर लेप देणें, हीं कृत्यें तींत क्रमानें आलीं आहेत. नंतर रोग्यानें कोणत्या कुशीवर किती काळ निजावें हेंही सांगितलें आहे. अन्नाविषयीं मात्र एक अक्षर नाहीं.

भोजप्रबंधांत ही उणीव भरून निघते. स्नानाच्या वेळीं मत्स्य मस्तकांत शिरल्यामुळें भोजराजा शिरोवेदनेनें पीडित होतो. अश्विनीकुमार ब्राह्मणवेषानें येतात, मोहचूर्णानें त्यास बेशुद्ध करितात, कपाल उघडून मत्स्य काढितात, कपाल सांधतात व त्यास शुद्धीवर आणितात. राजा पथ्य विचारतो तेव्हां ते एका श्लोकाचे तीन चरण बोलून अंतर्धान पावतात. त्या चरणांत कोमट पाण्याचें स्नान, दुग्धपान व उत्तम स्त्रियांचा सहवास सांगितला आहे. राहिलेला चौथा चरण कालिदास पूर्ण करितो : भोजन स्निग्ध व उष्ण असावें.

या कथेवरून अकराव्या शतकांत धारेस कपालभेद होत असे, असें अनुमान काढण्याचा मोह होतो. तो आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. बल्लाळ सोळाव्या शतकांतला; भोज सुमारें इ. स. १०१० ते १०५५ पर्यंत राज्य करणारा. आणि कालिदास तर भोजाच्या कित्येक शतकें पूर्वींचा. हा ग्रंथ शस्त्रकर्माच्या इतिहासास प्रमाण धरतां येत नाहीं. तथापि पथ्याविषयीं विद्वज्जनांत कोणत्या कल्पना रूढ होत्या, याचा तो पुरावा खास आहे.

आतां हा श्लोक शास्त्राशीं ताडून पाहूं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकोणिसावा, व्रणितोपासनीय नांवाचा अध्याय शस्त्रकर्म झालेल्या रोग्याच्या शुश्रूषेविषयीं आहे. त्यांत जुन्या साळीचा भात, स्निग्ध, थोडा, ऊन व पातळसर असा खावा; तांदुळजा, चाकवत, कोवळा मुळा, पडवळ, कारलें या भाज्या, डाळिंब, आवळा, सैंधव व मुगाचें कढण घ्यावें, असें आहे. नवें धान्य, तीळ, उडीद, दहीं, ताक आणि दूध हीं वर्ज्य; स्त्रियांचा सहवास तर सर्वथा वर्ज्य. म्हणजे अश्विनीकुमारांच्या मुखीं घातलेल्या तीन चरणांपैकीं दूध व स्त्रिया या दोन गोष्टी सुश्रुताच्या उघड विरुद्ध आहेत, आणि कवीनें पुरविलेला चरण तेवढा शास्त्रास धरून आहे. देववैद्य चुकावे व कवि बरोबर ठरावा, ही गंमत बल्लाळानें हेतुतः साधली असो वा नसो, वाचकानें ध्यानीं ठेवण्याजोगी आहे.

येथें एका शब्दाविषयीं सावध केलें पाहिजे. सुश्रुतानें कृशराही वर्ज्य सांगितली आहे. म्हणून आजाऱ्यास मुगाची खिचडी निषिद्ध, असा अर्थ करूं नये. कृशरा म्हणजे तीळ, तांदूळ व उडीद यांचें जड मिश्रण होय.

वाग्भटानें अष्टांगहृदयांत हेंच पथ्य सांगतांना दोन महत्त्वाच्या गोष्टी घातल्या आहेत. भोजन यथासात्म्य, म्हणजे ज्याच्या देहास जें मानवेल तें, असावें. आणि धान्यांत जव, गहूं, मसूर, मूग यांबरोबर तूरही चालेल. या ग्रंथावर आयुर्वेदरसायन ही टीका लिहिणारा हेमाद्रि देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादवांचा मंत्री होता, आणि आजचा धाराशिव जिल्हा त्या राज्यांत मोडत असे. हेमाद्रीच्या आश्रयास असलेल्या बोपदेवाचा पिता केशव यानें सिद्धमंत्र रचून द्रव्यांचे वातादि दोषांवरील परिणाम वर्गवार मांडले. पण या पठारावर मुख्य अन्न ज्वारी, साळ नव्हे. जुन्या साळीच्या भाताऐवजीं येथील वैद्य ज्वारीची कण्हेरी देत कीं काय, हें संस्कृत ग्रंथांतून उलगडणार नाहीं. तें घरगुती बाडांच्या मराठी टिपांतूनच कळेल.

आजचे शल्यवैद्य मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर प्रथम रोग्यास गिळतां येतें कीं नाहीं तें पाहतात, कारण घास श्वासनलिकेंत गेल्यास फुप्फुसांस दोष होतो. मग मऊ अन्न थोडें थोडें देतात, जखम भरावी म्हणून डाळी, दूध, अंडीं यांतील प्रथिनें पुरवितात, आणि कुंथावें लागूं नये म्हणून मलावरोध टाळतात. दुधावरील जुना निषेध आज उरला नाहीं; मऊ, ऊन व थोडें हें तत्त्व मात्र बरेंचसें टिकलें आहे.

संग्राहकांस एक सूचना. हा जिल्हा पूर्वीं नळदुर्ग, पुढें उस्मानाबाद व २०२३ पासून अधिकृतपणें धाराशिव म्हणून ओळखला जातो. लातूरही १९८२ पर्यंत त्यांतच होतें. शोध करितांना हीं सर्व नांवें पाहावीं. तेर, तुळजापूर, परंडा येथें वैद्यकाचें बाड हातीं आल्यास केवळ औषधांचे पाठ उतरून थांबूं नये. समासांत लिहिलेलीं पथ्येंही उतरून घ्यावीं. औषधाचे पाठ अन्यत्र मिळतील. कोणत्या रोग्यास काय जेवूं घातलें, हें त्या समासाखेरीज कोठेंही लिहिलेलें नसतें.