हरवळ्याचा धबधबा आणि डिचोलीच्या जुन्या वाटा

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

डोंगरमाथ्यावर वसलेली, तटबंदीने वेढलेली मध्ययुगीन नगरे पाहण्यासाठी लोक दूरदूरच्या देशांत जातात. खाली दरी, दरीत धबधबा आणि धबधब्याकडे उतरणारी दगडी पाऊलवाट, असे त्यांचे वर्णन आपण प्रवासवृत्तांतांतून वाचलेले असते. महाराष्ट्रात पन्हाळ्यासारखे एखादे नगर त्या वर्णनाला थोडेफार जुळते. आमच्या गोव्यात मात्र तसे नगर शोधू जाल तर सापडणार नाही, आणि त्याला कारण आमच्या भूमीचे आहे. येथील डोंगराचा माथा म्हणजे सडा. जांभ्या दगडाचा, उघडा, उन्हाळ्यात तव्यासारखा तापणारा. पावसाचे पाणी तो सच्छिद्र दगड पिऊन टाकतो आणि पायथ्याशी झरीच्या रूपाने परत देतो. म्हणून आमचे पूर्वज माथ्यावर राहिले नाहीत. त्यांनी घर, कुळागर आणि देऊळ ही तिन्ही पाणी बाहेर येते त्या कुशीत वसवली. माथा त्यांनी गुरांसाठी ठेवला, आणि क्वचित एखाद्या किल्ल्यासाठी. मी राहतो ते पेडणे महालातील कोरगाव याच रीतीने वसलेले आहे.

गेल्या श्रावणात शाळेतील वरच्या वर्गाची काही मुले घेऊन मी डिचोली महालात गेलो होतो. सहल धबधब्याची ठरली होती. परंतु इतिहास शिकविणाऱ्या माणसाबरोबर धबधबा पाहायला जाण्याची किंमत मुलांना द्यावी लागते. वाटेत तीन ठिकाणी थांबून त्यांनी माझे बोलणे ऐकले.

पहिला थांबा शापोरा नदीवरील पुलाचा. धारगळ सोडून पलीकडे गेले की कोलवाळ लागते. या कोलवाळच्या मुशीर वाड्यावर १९३० साली मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातील फादर हेन्री हेरास या स्पॅनिश जेझुइटाला बुद्धाची एक मूर्ती मिळाली. तेव्हा गोव्यात पोर्तुगीज राज्य होते. ज्या पंथाच्या धर्मगुरूंनी सोळाव्या शतकात देवळांच्या जागी चर्च उभी राहताना पाहिली, त्याच पंथाचा एक धर्मगुरू चारशे वर्षांनी या मातीतील जुन्या देवतांचे अवशेष शोधीत हिंडत होता. चांदर येथेही त्यांनी उत्खनन केले. इतिहास माणसांची कामे अशी फिरवून देतो, आणि त्यात मला तरी एक प्रकारचा दिलासा वाटतो.

अस्नोड्याहून पुढे भूमी बदलते. शेते मागे पडतात, झाडी दाट होते, आणि मधूनच लाल मातीचे कापलेले डोंगर दिसू लागतात. डिचोलीचे जुने नाव भतग्राम. हा प्रदेश कोकणपट्टी आणि घाटमाथा यांच्या मधला उंबरठाच म्हणावा लागेल. साखळीला वाळवंटी नदी आहे. तिच्या पाण्याने मांडवीशी आणि मांडवीतून समुद्राशी संबंध जडतो. साखळीहून पूर्वेकडे चोर्ल्याची वाट वर चढते आणि बेळगावच्या बाजूस उतरते. मीठ, नारळ, सुकी मासळी वर जावी आणि धान्य खाली यावे, हा व्यवहार लमाणांच्या बैलतांड्यांनी शतकानुशतके केला. मोठी राज्ये आली आणि गेली, पण बैलाच्या खुराने पडलेली वाट कोणी बदलली नाही. आजचा डांबरी रस्ता बव्हंशी तिचाच वारस आहे.

या वाटेपासून थोडे आत हरवळे आहे. पायऱ्या उतरताना धबधबा आधी ऐकू येतो, मग अंगावर तुषार येतात आणि सर्वांत शेवटी तो दिसतो. श्रावणातले त्याचे पाणी स्वच्छ पांढरे नसते. त्यात तांबूस झाक असते, कारण वरची माती ते बरोबर घेऊन येते. समोरच रुद्रेश्वराचे देऊळ आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी गर्दी लोटते. श्राद्धादी विधींसाठी लोक या पाण्याकाठी येतात, त्यामुळे मौजेसाठी आलेली तरुण मंडळी आणि मुंडन केलेले शोकमग्न पुरुष एकाच पायऱ्यांवरून उतरताना दिसतात. दोघेही एकमेकांना वाट देतात.

धबधब्यापासून जवळच जांभ्या खडकात कोरलेली लेणी आहेत. लोक त्यांना पांडवांची लेणी म्हणतात. आपल्याकडे कर्ता अज्ञात असलेल्या प्रत्येक लेण्याचे श्रेय पांडवांकडे जाते. एवढी खोदकामे करीत बसले असते तर त्यांचा वनवास बारा वर्षांत संपता ना! लेणी साधी आहेत. वेरूळची शिल्पे डोळ्यांपुढे ठेवून येणाऱ्याची निराशा होईल. पाच दालने, आत शिवलिंगे, भिंतींवर नक्षी नाही. जांभा हा दगडच असा की त्यात नाक-डोळे कोरता येत नाहीत. छिन्नी लावली की कण सुटतात. एका लिंगाच्या स्तंभावर मात्र संस्कृत भाषेतील छोटासा कोरीव लेख आहे, आणि त्याचे अक्षरवळण विद्वान सुमारे सातव्या शतकातील मानतात. ही मुळात बौद्ध भिक्षूंची विहारे होती आणि पुढे शैवांकडे आली, असे काहींचे मत आहे; ती आरंभापासूनच शैव होती, असे इतरांचे. मला वाद सोडविण्याचा अधिकार नाही. एवढे मात्र दिसते की ज्याने ही जागा निवडली त्याला वर्षभराचे पाणी, पावसापासून आसरा आणि जवळून जाणारी व्यापाराची वाट, या तिन्हींची गरज होती. भिक्षू असो वा शैव साधक, भिक्षा घालणारे वाटसरू त्याला हवेतच.

तिसरा थांबा नार्व्याचा, आणि येथे मला एका प्रश्नाला तोंड द्यावे लागले.

नार्व्याचे श्रीसप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे आराध्यदैवत. शिवचित्त पेर्माडीच्या सोन्याच्या नाण्यांवर या देवाच्या वरप्रसादाचा उल्लेख आढळतो. देवाचे मूळ स्थान येथले नव्हे. ते मांडवीच्या पलीकडे, दिवाडी बेटावर. चौदाव्या शतकात बहामनी फौजांनी ते देऊळ मोडले. त्याच शतकाच्या अखेरीस विजयनगरचा मंत्री माधव याने ते पुन्हा उभारले. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने ते दुसऱ्यांदा मोडले. तेव्हा भक्तांनी लिंग नदीपार, त्या काळी पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर असलेल्या डिचोली महालात आणले. बेटावरच्या गावाचे नाव नार्वे. अलीकडच्या गावाचेही नार्वे. देवाने नदी ओलांडली तेव्हा गावाचे नावही त्याच्या मागोमाग आले. पुढे १६६८ च्या नोव्हेंबरात छत्रपती शिवाजी महाराजांनी या देवळाच्या जीर्णोद्धाराचा आरंभ केला; द्वारावरील शिलालेखात शके १५९० कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार, अशी तिथी दिली आहे. अलीकडे, २०२३ च्या फेब्रुवारीत, शासनाने केलेल्या नव्या जीर्णोद्धारानंतर ते पुन्हा दर्शनासाठी खुले झाले.

एवढे सांगून मी थांबलो, तोच एका मुलाने विचारले, "सर, पोर्तुगीज म्हणजे तुमचेच लोक ना?"

बाकीची मुले गप्प झाली. एकीने त्याला कोपराने ढोसले. मुलगा खट्याळ नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते. पेडण्यात ख्रिस्ती घरे थोडी, आणि माझे नाव मराठी शाळेच्या हजेरीपटाशेजारी थोडे वेगळे वाजते. मी त्याला सांगितले, "नाही रे बाळा, ते माझे लोक नव्हेत. पण त्यांनी आणलेला धर्म माझा आहे, म्हणून या प्रश्नातून मला सुटताही येत नाही." देऊळ मोडणाऱ्यांत माझे पूर्वज असण्यापेक्षा, ज्यांचे देऊळ मोडले त्यांच्यात असण्याचा संभव अधिक. गावकरीतली काही घरे देवाबरोबर नदी पार करून गेली, काही जमिनीबरोबर मागे राहिली. जी राहिली त्यांचा धर्म बदलला. पैलतीरावर आपला जुना देव आहे, हे ठाऊक असताना त्यांनी त्या नदीकडे कसे पाहिले असेल, हे कोणत्याही दप्तरात लिहिलेले नाही.

मुलाने मान डोलावली. त्याचे समाधान झाले की नाही, मी विचारले नाही. परतीच्या वाटेवर मी त्यांना शिरगावच्या लईराईची गोष्ट सांगितली. डिचोलीतील ही देवी सात बहिणींपैकी एक, आणि म्हापशाच्या चर्चमधील मिलाग्रीस सायबीण ही त्यांपैकीच दुसरी, असे हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही मानतात. एकीच्या उत्सवाला दुसरीकडून तेल जावे, दुसरीच्या उत्सवाला पहिलीकडून मोगरीची फुले यावीत, असा रिवाज आहे. आमच्या धर्मशास्त्रात याला आधार नाही, हे मला चांगले ठाऊक आहे. तरीही एखाद्या वर्षी तेल पोचले नाही तर मला चुकल्यासारखे वाटेल.

या प्रदेशाची राज्येही फार वेळा बदलली. आमचे पेडणे आणि डिचोली बराच काळ वाडीकर सावंतांकडे होते. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयाने हळर्णचा किल्ला घेतला आणि त्या पराक्रमाबद्दल त्याला 'हळर्णचा मार्क्विस' हा किताब मिळाला. डिचोली व सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगिजांकडे कायमचे गेले. म्हणून या भागाला 'नव्या काबिजादी' म्हणतात. सोळाव्या शतकातला धर्मच्छल येथवर आला नाही, कारण हे महाल मिळेपर्यंत तो काळ सरला होता. नार्व्याचे देऊळ वाचले ते या दोनशे वर्षांच्या अंतरामुळे.

आता थोडे सड्याविषयी, कारण ती गोष्ट जुनी नाही. डिचोलीत जे लाल डोंगर कापलेले दिसतात त्या लोखंडाच्या खाणी. लामगावची प्राचीन लेणी ज्या परिसरात आहेत, तेथेही खाण पोचली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील ८८ खाणपट्टे रद्द केले. तरी कापलेला माथा पुन्हा पाणी पिऊ लागत नाही. पेडण्यात मोपाच्या सड्यावर २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली. विमानतळ नको होता असे मी म्हणत नाही. माझेच कित्येक विद्यार्थी त्यामुळे पोटाला लागले आहेत. पण सड्यावर काँक्रीट पसरले की पायथ्याची झरी किती वर्षे वाहील, हा हिशेब कोणी तरी मांडावयास हवा. सातव्या शतकातल्या त्या अज्ञात साधकाने जागा निवडताना तो मांडला होता.

कोरगावला परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. तो प्रश्न विचारणारा मुलगा आमच्या वाड्याच्या वाटेवरच राहतो. वाटेत झरीपाशी तो थांबला, ओंजळीने पाणी प्याला आणि म्हणाला, "सर, दिवाडीला फेरीबोट जाते ना? पुढच्या सहलीला पलीकडचे नार्वे पाहू या."

मी होय म्हटले आहे. पाऊस ओसरला की जाऊ.