एम.एच. 24 ची गाडी, नांदेडच्या रस्त्यावर

परवा गाडी धुताना पुतण्याने विचारलं, "काका, आपली गाडी लातूरची का?" नंबर प्लेटवर एम.एच. 24 आहे आणि आम्ही पडलो नांदेडचे, म्हणजे 26. राज्यातल्या राज्यात गाडी विकली की आर.सी. बुकावरचं नाव बदलतं, नंबर तोच राहतो. त्याला एवढं सांगून मी बादली उचलली. पण खरं उत्तर इतकं छोटं नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

गाडी म्हणजे बजाज अ‍ॅव्हेंजर 220. मी तिचा तिसरा मालक. आता तिला पंधरा वर्षं होत आली. पंधरा वर्षांनंतर आर.टी.ओ.त तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते, आणि घरात सगळ्यांचं म्हणणं एकच, "कशाला? काढून टाक." बरोबरच आहे त्यांचं. तरी हात पुढे होत नाही. का होत नाही याचा विचार करताना बराच मागे गेलो.

ही लांबट, बुटकी, आरामखुर्चीसारखी गाडी मूळची अमेरिकेची. तिकडचे रस्ते सरळसोट आणि शेकडो मैलांचे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या हौशी पोरांनी जड गाड्यांचे मडगार्ड कापले, नको ते काढून टाकलं, पुढचे फोर्क लांब केले. 1969 साली 'ईझी रायडर' हा सिनेमा आला आणि ही फॅशन जगभर पोचली. मग 1971 मध्ये हार्ले-डेव्हिडसनने 'सुपर ग्लाइड' काढली. म्हणजे गॅरेजमधली हौस थेट कारखान्यात गेली! जपानी कंपन्याही मागे राहिल्या नाहीत. कावासाकीने 1985 मध्ये 'एलिमिनेटर' आणली. नाव आणि रूप सरळ पट्ट्यावरच्या ड्रॅग शर्यतींवरून घेतलेलं.

तेच नाव 2001 मध्ये आपल्याकडे आलं. बजाज आणि कावासाकी यांची सोयरीक 1980 च्या दशकातली, आणि 175 सीसीची एलिमिनेटर हे त्यातलंच एक अपत्य. शर्यतीचं नाव आणि स्वभाव अगदी गरीब :) किंमत मात्र गरीब नव्हती. 2005 मध्ये बजाजने तोच आकार ठेवून आत पल्सरचं 180 सीसीचं इंजिन बसवलं, नाव दिलं अ‍ॅव्हेंजर, आणि किंमत खाली आणली. 2007 मध्ये 200 सीसी, 2010 मध्ये 220. अशी ती अमेरिकेतून जपानमार्गे मराठवाड्यात पोचली.

आता आमच्या भागात दुचाकी म्हणजे काय होतं? दुधाचे कॅन लटकवलेली राजदूत, खताचं पोतं पायाशी ठेवलेली एम-80, आणि नोकरदाराच्या दारात चेतक. गाडी दिसते कशी हे कुणी विचारत नसे. पहिला प्रश्न, "अ‍ॅव्हरेज किती देती?" त्या प्रश्नापुढे अ‍ॅव्हेंजर नापास. इतवाऱ्याच्या गर्दीत वळवायची तर दोन चाकांतलं अंतर जवळपास दीड मीटर, आणि फोर्क पुढे कललेला, त्यामुळे वळण मोठं घ्यावं लागतं. पाय पुढे असल्यामुळे खड्ड्यात पायांवर उभं राहता येत नाही, दणका थेट कमरेत!

मग आवडते का? मला वाटतं, ती बसायला लावते म्हणून. सीट अडीच फुटांच्याही आत, दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकतात. पुढचं चाक 17 इंची, मागचं 15 इंची आणि जाडजूड, म्हणून सगळी रेघ मागे उतरत जाते. टाकी थेंबासारखी, हँडल रुंद. माणूस वाकून, घाईत बसूच शकत नाही. आमच्या मागच्या पिढ्या कायम वाकलेल्याच, कधी शेतात, कधी सायकलवर, कधी साहेबापुढे. पाठ टेकून निवांत चाललेला माणूस बघायला मिळणं हीच चैन होती.

तर ही चैन मला मिळाली एप्रिल 2016 मध्ये. तारखा लक्षात आहेत, कारण 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली होती. त्याच आठवड्यात मी आणि माझे काका गाडी बघायला लातूरला गेलो. विकणारा मुलगा विशी-बाविशीचा. घरचं बोअर आटलेलं, दुसरं घेतलं तेही कोरडं, आणि बहिणीची फी भरायची होती. "लई जपली हो दादा," एवढंच म्हणाला. काका बाजारात मुरलेले. गावात गिऱ्हाईक नाही हे त्यांनी ओळखलं आणि सांगितलेल्या किमतीतून आणखी तीन हजार कमी करायला लावले. मी गप्प बसलो. गाडी आवडली होती, आणि स्वस्तात मिळत होती.

पैसे मोजून झाल्यावर त्याने फडकं आणून टाकी पुसली. विकलेली गाडी पुसत होता!

चाकूर, अहमदपूर, लोहा करत संध्याकाळी नांदेडला आलो. वाटेत टँकरच टँकर. मी आरामात, पाठ ताठ ठेवून चाललो होतो, आणि पहिल्यांदाच तसं बसायची लाज वाटत होती.

दोन-तीन वर्षांनी त्याला फोन लावला, नंबर बंद होता. ते तीन हजार तसेच राहिले.

असो. पुढच्या महिन्यात नोंदणी वाढवायला जाणार आहे. घरचे हसतील, हसू देत. पुतण्याने पुन्हा विचारलं तर यावेळी पूर्ण उत्तर देईन: हो रे, गाडी लातूरचीच आहे.