निर्गुण सरकार, सगुण सरकार : टिळकांच्या १९१६च्या भाषणांची बांधणी

मंडालेहून सुटून आल्यावर दोन वर्षांनी, १ मे १९१६ रोजी बेळगावात आणि ३१ मे व १ जून रोजी अहमदनगरला लोकमान्य टिळकांनी स्वराज्यावर मराठीत तीन व्याख्याने दिली. त्यांतील विचारांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्या रचनेकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही.

वक्ता सहसा गाऱ्हाण्यापासून सुरुवात करतो. टिळक व्याख्येपासून करतात. सरकार म्हणजे काय? एक अव्यक्त, एक व्यक्त. परब्रह्म निर्गुण असते आणि मायेमुळे सगुण होते तसे. बादशहा आणि राज्यसत्ता हे पहिले, कलेक्टर-मामलेदारांची नोकरशाही हे दुसरे. मग देव आणि पुजारी यांचा दृष्टान्त येतो : पुजारी बदलायचा म्हणणारा देव हलवा असे म्हणत नाही. आदल्याच वर्षी 'गीतारहस्य' प्रसिद्ध झाले होते, हे ध्यानात घेतले की ही उपमा कुठून आली ते वेगळे सांगायला नको. श्रोतेही कीर्तन-प्रवचनात मुरलेले. सगुण-निर्गुण त्यांना समजावून द्यावे लागत नव्हते; समजावायची होती ती नोकरशाही.

दुसरा घटक पूर्वपक्षाचा. प्रतिपक्षाचा आक्षेप आधी आपणच मांडायचा आणि मग खोडायचा, ही शास्त्रार्थाची जुनी रीत. 'परके' या शब्दाचे नगरला त्यांनी हेच केले. परकेपणा कातडीच्या रंगात किंवा धर्मात नाही, हितसंबंधांत आहे. या देशाचे हित पाहणारा, मग तो मुसलमान असो की इंग्रज, परका नव्हे. माझ्या मते तिन्ही भाषणांतला सर्वांत धारदार भाग हाच. त्याला नुसती कायद्यापासून बचावाची ढाल म्हणणे अन्यायाचे होईल.

सरकारने भाषणांतले तुकडे निवडले. साठाव्या वाढदिवशी, २३ जुलैला, नोटीस आली. ऑगस्टमध्ये मॅजिस्ट्रेटने वर्षभराच्या सद्वर्तनासाठी वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. हायकोर्टात टिळकांतर्फे बॅ. जिना उभे राहिले. ९ नोव्हेंबरला न्या. बॅचलर व न्या. शहा यांनी हुकूम रद्द केला.

गंमत अशी, की सरकार आणि नोकरशाही वेगळी, ही टिळकांची फोड बॅचलर यांनी जशीच्या तशी मान्य केली नाही. सरकार माणसांकरवीच चालते आणि सनदी नोकर हे त्याचे मुख्य साधन. तेव्हा त्यांच्यावरील सरसकट टीकेने सरकारविषयी अप्रीती उपजते की नाही, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, असे त्यांनी म्हटले. ती वस्तुस्थिती ठरवताना मात्र सुटी वाक्ये न धरता भाषणे समग्र वाचली. काही वाक्ये त्यांनाही खटकली होतीच. पण व्याख्या, दृष्टान्त, आक्षेप, उत्तर आणि शेवटी सनदशीर मागणी, असा क्रम सलग वाचल्यावर त्यांचा एकूण परिणाम राजद्रोहाचा ठरेना. १९०८ साली 'केसरी'तल्या लेखांच्या इंग्रजी भाषांतरांवरून टिळक कोर्टात स्वतः झगडले, आणि तरी सहा वर्षांची शिक्षा झाली होती.